आंबिलीची माफी

परवा, येळवशीच्या आदल्या दिवशी, आमच्या जिन्यात आंबट वास भरला. खालच्या काकूंनी ज्वारीचं पीठ शिजवून, निववून त्यात ताक घातलं होतं, लसूण-जिरं ठेचून लावलं होतं आणि मडक्याच्या तोंडाला फडकं बांधून ते उबेला ठेवलं होतं. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमच्याकडं सगळा मुलूख रानात जेवतो. धाराशिवातली निम्मी दुकानं त्या दिवशी उघडत नाहीत. कोर्टासमोरच्या ज्या टपरीत मी लोकांचे अर्ज टाइप करते, तिथं चिटपाखरू फिरकत नाही. स्टँडवरून सुटणाऱ्या प्रत्येक एसटीत कुणाच्या तरी मांडीवर आंबिलीची बिंदगी असते, आणि एरवी खेकसणारा कंडक्टरसुद्धा ‘धरून बसा मावशी, सांडंल’ म्हणत तेवढ्यापुरता मऊ होतो. ज्याला रान नाही त्याला दुसऱ्याच्या रानातून हाक येते.

या वासानं माणसांना आपलं रान आठवतं, आई आठवते. मला एक माफी आठवते. तेरा वर्षांच्या पोरीला शाळेच्या भिंतीपुढं उभं करून, हात जोडायला लावून, मोबाइलमध्ये बोलायला लावलेली. तिनं चोरी केली नव्हती, कुणाला शिवी दिली नव्हती. आंबील आंबट का होते, एवढंच तिनं दोन मिनिटांत सांगितलं होतं.

तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी येळवशीला गावाकडं गेले नव्हते.

आमचं गाव येरमाळ्यापासून आत, डांबरी सडक सोडून. त्या हिवाळ्यात मी पदवी घेऊन घरी बसले होते, परीक्षांची पुस्तकं उघडायची आणि मिटायची. थंडी चांगली पडली होती. ज्वारी पोटरीतून बाहेर आली होती, हरभऱ्याला घाटे धरले होते, करडईचे काटे पायजम्यातून टोचत होते. सकाळी विहिरीतून वाफ निघायची. वाफ म्हणजे खालचं पाणी गरम असणार असं मी लहानपणापासून धरून चालले होते, आणि खरं सांगायचं तर कुणाला विचारलं नव्हतं. आमच्याकडं मोठी होणारी मुलगी असे पुष्कळ प्रश्न पदराला बांधून सासरी घेऊन जाते.

शेजारच्या मल्लिनाथबापूंची शिवकन्या तसली नव्हती. सातवीत होती, वाळकी काडी, आणि तोंडात कायम ‘कामून?’ विहिरीतून वाफ कामून निघते. ज्वारीच्या ताटाला जमिनीच्या वर मुळ्या कामून फुटतात. कोळी आपल्याच जाळ्यात कामून अडकत नाही. तिची आई वैतागून म्हणायची, “तुला जन्माला कामून घातलं हे मला कुणी सांगंल का?” तिचे आजोबा, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो, कपाळावर भस्माची तीन बोटं ओढत हसायचे. “इचारू दे. इचारून काय झिजतं व्हय?”

झिजत नव्हतं, पण अडत होतं. गावची शाळा सातवीला संपते. आठवीला रोज एसटीनं येरमाळ्याला जावं लागतं. मल्लिनाथबापूंना विचारलं की ते म्हणायचे, “बगू.” आमच्या भागात बापानं ‘बगू’ म्हटलं की ते नाही असतं, फक्त अजून मोठ्यानं म्हटलेलं नसतं. शाळेतल्या बाईंना हे ठाऊक होतं. त्या एकदा मला म्हणाल्या, “ही पोरगी काय आहे, हे तिच्या बापाला एकदा दिसलं पाहिजे. मार्कांनी त्यांना पटत नाही.”

त्याच हिवाळ्यात शाळेत छोटे व्हिडिओ यायला लागले. वरून, खात्याकडून यायचे, बाईंच्या फोनवर, रोज सकाळी एक. दोन-दोन, तीन-तीन मिनिटांचे. विज्ञान आणि निसर्ग. शाळेच्या टीव्हीला फोन जोडून ते पोरांना दाखवायचे.

आधीच सांगते, ते व्हिडिओ वाईट नव्हते. मी बाईंना मदत करायला जायची तेव्हा एक पाहिला. हरभऱ्याचा दाणा. ओल्या मातीत पडलेला. आधी फुगतो, मग त्याचं साल ताणतं, मग एका बाजूनं फाटतं आणि पांढरं इवलंसं टोक बाहेर येऊन आधी खाली वळतं. खाली. उजेडाकडं नाही. बारा दिवसांची हालचाल दोन मिनिटांत. सगळा वर्ग गप्प. शेतकऱ्यांचीच लेकरं ही, हरभरा यांच्या घरात पोत्यानं असतो, पेरायला यांनीच हात लावलेला असतो. पण मातीच्या आत काय चालतं ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मीही बघितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचीच लाज वाटली, की हे बघायला मला पंचविशी गाठावी लागली.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आमचे दादा, म्हणजे वडील, दर आठवड्याला भूमच्या बाजारात उभे राहून पत्रकं वाटायचे. विहिरीत औषध टाका, अंगात येणाऱ्याला आधी दवाखान्यात न्या, मजुरी कामाच्या दिवशीच मागा. घड्या घालायचं काम माझं. एका कागदात, उभ्या उभ्या वाचून होईल एवढ्यात, माणसाच्या डोक्यात काहीतरी टाकता येतं यावर माझा लहानपणापासून विश्वास. त्या दाण्याच्या व्हिडिओत मला तेच दिसलं. मला वाटलं, आता चांगले दिवस आले.

पण वरच्यांना दाण्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना फोटो हवा होता. व्हिडिओ चालू आहे, पोरं बघतायत, असा फोटो अकराच्या आत पाठवायचा. एकही दिवस कुणी विचारलं नाही की बघून झाल्यावर पोरं काय म्हणाली. एकदा वीज गेली तर बाईंनी पोरांना बंद टीव्हीपुढं बसवलं, मान वर करून. त्या काळ्या काचेकडं टक लावून बसलेल्या लेकरांचा फोटो गेला आणि वरून अंगठा आला. छान. मला आजही तो अंगठा आठवला की हाताची मूठ होते. व्हिडिओत पेंग्विन यायचे, बर्फ यायचा, लाल पानांची झाडं यायची. येऊ देत, जग मोठं आहे. पण त्या सगळ्या व्हिडिओंत एक बाभळ नव्हती. एक टिटवी नव्हती.

मग पावाचा व्हिडिओ आला. पाव का फुगतो. कणकेत बारीक जीव असतात, ते साखर खातात, हवा सोडतात, वगैरे. व्हिडिओ संपला, बाईंनी फोटो पाठवला, आणि शिवकन्या उभी राहिली.

“बाई, आमच्यात पाव न्हाय करत. पण आंबिलीला बी बुडबुडे येतेत. ती बी त्याच्यानंच का?”

बाई म्हणाल्या, “मला नक्की माहीत नाही.”

शिक्षकाच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आणि लगेच पुढचं, “आपण बघायचं का?”

असं ते सुरू झालं. बाईंच्या फोनवर, पोरांच्याच तोंडून, आमच्याच रानातले व्हिडिओ. कोळी आपल्या जाळ्यातल्या कोणत्या धाग्यावर पाय देतो आणि कोणता टाळतो. ज्वारीच्या वरच्या मुळ्या म्हणजे ताटाला दिलेले टेकू. आणि विहिरीची वाफ! बाईंनी तापमान मोजायची काचेची नळी दोरीला बांधून विहिरीत सोडली. पाणी गरम वगैरे काही नव्हतं. बाई म्हणाल्या, उन्हाळ्यातही ते साधारण एवढंच असतं, थंड झाली होती ती वरची हवा. पंचवीस वर्षांची माझी समजूत शिवकन्येनं दोरी ओढता ओढता मोडली. आणि वर म्हणाली, “आक्का, तुमी तर कालेजात जाऊन आलाव.”

आंबिलीचा व्हिडिओ येळवशीच्या आठवडाभर आधीचा. तिनं चार बाटल्या मांडल्या, शाळेत पोरं ओळीनं उभी करतात तशा. एकीत नेहमीची आंबील, चुलीजवळ. दुसरीत तीच आंबील, पण खळखळून उकळलेली. तिसरी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी. चौथीत नुसतं पीठ आणि पाणी. चारींच्या तोंडाला चार फुगे. सकाळी आम्ही सगळे तिच्या स्वयंपाकघरात. चुलीजवळच्या बाटलीवरचा फुगा मान वर करून उभा होता. फुगला नव्हता पुरता, पण उभा होता, उठून बसलेल्या तान्ह्या पोरासारखा डुगडुगत. माठाजवळचा थोडासा हलला होता. पीठ-पाण्याचा मलूल पडलेला. आणि उकळलेल्या आंबिलीच्या बाटलीनं आपला फुगा चक्क आत ओढून घेतला होता.

“ह्यो आत कामून गेला?” शिवकन्या म्हणाली.

तो पुढचा व्हिडिओ ठरला. तो कधीच झाला नाही.

आप्पा चुलीशी बसून सगळं ऐकत होते. जन्मात अंडं न शिवलेला माणूस. गंभीर होऊन म्हणाले, “म्हंजी, आंबिलीत जीव हायत?”

“व्हय आप्पा. लई बारके. डोळ्याला दिसत न्हायत.”

“मग म्या इतके दिस जीव पितोय?”

“दह्यात बी हायत, आप्पा. तुमच्या पोटात बी हायत.”

आप्पांनी दोन्ही हात पोटावर ठेवले. मग ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे तर. एवढी वर्षं ऱ्हायलेत, आता कुठं हाकलून द्यावं त्यास्नी? आन गं पेलाभर.” आणि प्यायले. मिशीला लागलेली आंबील पुसत म्हणाले, “महादेवाचीच लेकरं हायत बिचारी.”

मला वाटतं, धर्म आणि विज्ञान यांच्यावर आमच्या जिल्ह्यात झालेली सगळ्यात शहाणी चर्चा तीच. पाच मिनिटं चालली आणि कुणाची भावना दुखावली नाही.

व्हिडिओत शिवकन्या शेवटी बाटली कानाशी धरते आणि म्हणते, “आंबील जिवंत असती. म्हणून तर ती आंबट हुती.” बाईंनी तो गावाच्या ग्रुपवर टाकला. मल्लिनाथबापूंनी तो हॉटेलात चार जणांना दाखवला असं आम्हाला कळलं. ‘बगू’ म्हणणारा माणूस फोन हातात धरून लोकांना म्हणत होता, “आमची हाय ती.” बाई त्या दिवशी वर्गात गाणं गुणगुणत होत्या.

आमच्या गावचे काही लोक पुण्याकडं नोकरीला आहेत. गाव सोडून गेलेल्या माणसाला परंपरेची काळजी जास्त असते, कारण त्याला ती फक्त बघायची असते. त्यांच्यातून पहिला मेसेज आला. येळवशीच्या नैवेद्यात जंतू आहेत असं शाळेत शिकवतात का? मग दुसरा, मग दहावा. ही अशी पिढी घडवणार का. कोण बाई आहेत या. कुणी व्हिडिओ पूर्ण बघितला नव्हता. दोन मिनिटं! दोन मिनिटंसुद्धा नाही.

मग येळवशीला जे झालं ते फक्त आमच्याच गावात होऊ शकतं. ग्रुपवर चाललेली ती जंतूंची चर्चा वाचून काही घरांनी ठरवलं, की विषाची परीक्षा नको. देवाला आणि काळ्या आईला जिवाणूंची आंबील कशी दाखवायची? सोवळं तर राहिलं पाहिजे. म्हणून त्यांनी पहाटे उठून, रात्रभर मुरवलेली आंबील चुलीवर चढवली आणि चांगली उकळली.

ताक घातलेली आंबील उकळली की काय होतं, हे आमच्या कुठल्याही बाईला झोपेत विचारलं तरी ती सांगेल. फुटली. पाणी एकीकडं, चोथा एकीकडं. बायकांनी सांगितलं होतं, फुटेल म्हणून. त्यांना गप्प बसवलं. पूजेच्या वेळी फडकं सोडलं तर बिंदगीत पांढरे गोळे तरंगत होते. येळवशीला आंबील फुटणं म्हणजे रानाला अपशकुन. दुपारपर्यंत तीन-चार रानांतून बातमी आली. आणि संध्याकाळी निकाल लागला, की शिवकन्येच्या व्हिडिओमुळं आंबील फुटली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीत बैठक. बोलणारे मुख्य म्हणजे नाना. गावातलं वजनदार माणूस, ज्यांची आंबील सगळ्यात जास्त फुटली होती.

“पोरगी ल्हान हाय, तिला काय कळतंय,” नाना म्हणाले. “पन बाई, तुमाला कळाया पायजे. ह्याच्यापायी आमच्या नैवेद्याला नाट लागलं.”

आप्पा खांबाला टेकून बसले होते. “नाना, आंबील कशानं फुटली?”

“कशानं म्हंजी?”

“तू उकळलीस म्हणून फुटली. म्हशीला बी कळतंय ते.”

थोडे हसले. नाना हसले नाहीत. “आप्पा, नात तुमची हाय, तुमी तिचीच वढनार.”

आता मी एक सांगते आणि कुणाचं तोंड कडू होत असेल तर होऊ दे. याच नानांनी याच ग्रुपवर त्याच वर्षी पावसाळ्याआधी एक व्हिडिओ टाकला होता. एक माणूस तळहातावर नारळ आडवा धरून रानात फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं पाणी. तो व्हिडिओ बघून आमच्या गावात दोन जणांनी बोअर घेतले. धूळ निघाली. कोरडी, पांढरी धूळ, दिवसभर. नानांनी कुणाची माफी मागितली नाही. मागा असं कुणी म्हटलंही नाही. आणि चार बाटल्या मांडून, एक रात्र थांबून, समोर दिसलं तेवढंच बोललेल्या पोरीला मात्र हात जोडायचे होते.

बैठक चालू असतानाच बाईंना वरून फोन आला. त्या बाजूला जाऊन बोलल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता. त्यांनी वर्गातल्या पोरांसमोर फोन धरला आणि एकेक व्हिडिओ पुसला. कोळी. मुळ्या. विहीर. पोरं बघत होती, हरभऱ्याचा दाणा बघितला होता तशीच गप्प. “मला दोन लेकरं आहेत गं,” त्या मला नंतर म्हणाल्या. मी त्यांना दोष देत नाही. ज्यांनी फोन केला त्यांना देते. रोज सकाळी जिज्ञासा जागवा म्हणून व्हिडिओ पाठवणारे, आणि एका पोरीची जिज्ञासा खरंच जागी झाल्यावर पहिल्या तक्रारीला तिला झोपवा म्हणणारे, ते हेच.

माफीचा व्हिडिओ हवा असं ठरलं. मल्लिनाथबापू खाली मान घालून बसले होते. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“तुमाला लिवता येतंय. चार शब्द लिवून द्या. मिटवू द्या हे. न्हायतर आठवी बी ऱ्हाईल तिची.”

आणि मी लिहून दिलं.

हे मला सोपं करून सांगता येणार नाही. मी कागद घेतला, वर्गातल्या बाकावर बसले आणि ‘माझ्या हातून अनवधानाने चूक झाली’ असं लिहिलं. ‘आंबील हा आपला पवित्र नैवेद्य आहे. माझ्या व्हिडिओमुळे कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास मी क्षमा मागते. यापुढे असे होणार नाही.’ ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिलं. मी स्वतःला सांगितलं, आठवी वाचवायची आहे. आठवी महत्त्वाची, चार वाक्यं काय. भ्याडपणा नेहमी असाच येतो, कुणाचं तरी भलं हातात धरून.

शिवकन्येनं कागद दोनदा वाचला. काही विचारलं नाही. भिंतीपुढं उभी राहिली आणि न अडखळता म्हणाली. तिनं आधी केलेल्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा तो जास्त फिरला. पुण्याकडच्यांनी फुलं पाठवली. संस्कार, असं कुणीतरी लिहिलं.

आठवी वाचली. मल्लिनाथबापूंनी तिला येरमाळ्याला घातलं, पण अट घालून. खाली बघून जायचं, खाली बघून यायचं. फोन नाही, प्रयोग नाही, आणि वर्गात कुणाला काही विचारायचं नाही. पुस्तकात आहे तेवढं पाठ करायचं. तिनं अट पाळली. आठवी, नववी, आता दहावी. नंबर चांगला येतो म्हणे. लोक मला सांगायचे, बघ, मिटलं की नाही सगळं? मी म्हणायची, हो. आणि येळवशीला गावाकडं जायची नाही.

परवा जिन्यातल्या त्या वासानं माझ्यानं राहवलं नाही. काल पहाटेची गाडी धरली.

मल्लिनाथबापूंच्या रानात कडब्याची कोपी, बुटकी झोपडी, उभी होती, आत चुन्यानं रंगवलेले पूजेचे पाच दगड, पुढं डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. शेजारच्या रानातले नानाही हाकेला आले होते. मी शिवकन्येला शोधत तुरीच्या कडेला गेले. उंच झाली होती. मी तिला सरळच म्हटलं, “ती माफी मी लिहिली होती. माझा राग येतो का?”

तिनं तुरीची एक शेंग सोलली. “राग न्हाय. पन त्यात एक खोटं व्हतं. तुमी लिवलं, अनवधानानं. आक्का, म्या चार बाटल्या मांडल्या व्हत्या. सकाळपतूर वाट बगितली व्हती. अनवधानानं कोन चार बाटल्या मांडतं?”

“आता काय करू मी?” मी विचारलं.

“मला न्हाय बोलता येत, बापूची अट हाय. तुमी लिवलं, तुमीच खोडा.”

मी कोपीकडं परत आले, शिवकन्या माझ्यामागं येऊन पंगतीच्या टोकाला बसली. सगळी मंडळी पंगतीत बसलेली. मी मोठ्यानं म्हटलं, “नाना, तीन वर्षांपूर्वीची ती माफी शिवकन्येची नव्हती, माझी होती. मी लिहिली आणि खोटी लिहिली. तिची काही चूक नव्हती. ती खरं बोलली होती आणि बघून बोलली होती. ती माफी मी मागं घेते. ग्रुपवरही आत्ताच टाकते, माझ्या नावानं.”

“आता येळवशीला तरी भांडू नका,” नाना म्हणाले. “बसा, खावा.”

“खाते. पण तुम्ही ऐकलं का, ते सांगा.”

“ऐकलं की त्यानं,” आप्पा पेल्यातून मान वर करत म्हणाले. “आवंदा आंबील न्हाय उकळली त्यानं. म्हंजी तवाच ऐकलंय.”

पंगत हसली. नाना भाकरीचा तुकडा मोडत राहिले. मला हसू आलं नाही. तीन वर्षं हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या वर्षी कुणीही आंबील उकळली नाही, कारण सगळ्यांना कळलं होतं कशानं फुटली. कळलं, शिकले, गुपचूप सुधारले. आणि जिच्याकडून शिकले ती पोरगी तीन वर्षं वर्गात तोंड मिटून बसली, आणि एकालाही वाटलं नाही की तिला जाऊन सांगावं, पोरी, तुझं बरोबर होतं.

मल्लिनाथबापू वाढत होते. भज्जीचं पातेलं खाली ठेवून, लेकीकडं न बघता त्यांनी विचारलं, “तुमचे सायन्सचे सर कसे हायत?”

“चांगले हायत.”

“इचारलेलं आवडतं का त्यास्नी?”

“ठाव न्हाय. म्या कवा इचारलंच न्हाय.”

बापूंनी पातेलं उचललं, परत ठेवलं. “मग इचारत जा की.”

शिवकन्या उठली नाही, आनंदानं ओरडली नाही, बापाच्या पाया पडली नाही. शेजारच्या सरीतून तिनं हरभऱ्याचा एक डहाळा मोडला, त्याचं पान जिभेला लावलं, आणि डहाळा पंगतीच्या मधोमध ठेवला.

“हरभऱ्याच्या पानावर आंब येती ना, दहिवरासंगं. बोटाला लागली की आंबट लागती. ज्वारीवर न्हाय येत, करडईवर न्हाय येत. मग हरभऱ्यावरच कामून येती?”

जन्मभर हरभरा पेरणारी माणसं होती ती. नानांनी बापूंकडं बघितलं, बापूंनी आप्पांकडं. आप्पांनी एक पान तोंडात घातलं, चघळलं, डोळे बारीक केले, आणि मान हलवली.

“न्हाय ठाव बाबा. तूच सांग.”

“मला बी न्हाय ठाव,” शिवकन्या म्हणाली. “म्हणून तर इचारलं.”